मनगटावरची शेड

रंगाऱ्याच्या कातडीचा खरा रंग कुठला, हे कुणी विचारत नाही. सोमवारी हात निळे, बुधवारी हिरवे, लग्नसराईत दोन्ही. बेळगावकडच्या वडगावात मला लांबून बघून लोक सांगायचे, आज कुठल्या रंगाचं सूत मागावर चढणार. म्हणून माझ्या डाव्या मनगटावर पांढरा डाग उठला तेव्हा दोन-अडीच वर्षं तो कुणाला दिसला नाही. बायकोला सोडून. तिला पहिल्याच दिवशी दिसला, पण तिचं ऐकायची सवय मला तेव्हा नव्हती. आताही बेताचीच आहे.

या अंकाचे संपादक माझ्याकडं जाहिरात मागायला आलते. मी म्हटलं, रंगखाना बंद करून बसलोय, बंद दुकानाची जाहिरात कशाला? पाहिजे तर लेख देतो. ते हसले. माझं शिक्षण त्यांना ठाऊक आहे. चौथीत दोनदा बसलो. दुसऱ्यांदा बसवलं ते माझ्यावाचून मास्तरांना करमत नव्हतं म्हणून, असं मी सांगत असतो. ते हसले म्हणूनच मी लिहायला घेतलं. कुणी हसलं की ते काम मी करतोच. निम्मं आयुष्य याच खोडीत गेलं.

आधी धंदा सांगतो, म्हणजे पुढची फजिती कळेल.

गिरणीतून सूत येतं ते मळकट पांढरं. त्याचं सैल वेटोळं म्हणजे लडी. ती सोड्यात उकळायची, तेलकटपणा घालवायचा, मग रंगाच्या टाकीत. पक्क्या रंगाची पूड नुसत्या पाण्यात विरघळत नाही. तिला कॉस्टिक लागतं आणि हायड्रोस लागतं. हायड्रोस म्हणजे नाकात झोंबणारी पांढरी पूड, ती रंगाचा रंगच काढून घेते. लग्नाचं हिरवं करताना टाकीतलं पाणी निळं दिसतं. लडी काठीवर घालून त्यात फिरवायची, वर काढायची, पिळायची आणि वाऱ्यावर धरायची. वारा लागला की निळ्याचं हिरवं होतं, डोळ्यांदेखत. बाहेरगावची माणसं बघायला आली की मी मुद्दाम मंत्र म्हटल्यागत ओठ हलवायचो. एका पाहुण्यानं तर नमस्कार केला. मी तो घेतला.

पण रंग देणं ही हमाली. खरं काम शेड बघायचं. आज दिलेलं हिरवं आणि आठ दिवसांनी दिलेलं हिरवं एक झालं पाहिजे, नाहीतर साडीत पट्टा पडतो. ओलं सूत गडद दिसतं, म्हणून चार धागे वाळवायचे, सकाळच्या उजेडात दारात उभं राहायचं आणि आधीच्या मालाशेजारी धरून बघायचं. कशावर धरून? तर मनगटाच्या आतल्या बाजूवर. माझ्या वडिलांनी शिकवलं ते असं: "कागदावर बघू नगंस, भिंतीवर बघू नगंस. साडी शेवटी कातडीवर जानार हाय, तर कातडीवरच बघ." चाळीस-पन्नास वर्षं माझं डावं मनगट हेच माझं शेडकार्ड होतं. कंपन्यांची छापील कार्डं यायची, ती मी पोरांना वह्यांना लावायला द्यायचो.

आता शांताक्काचं सांगतो. हे सांगायला मला आवडत नाही, पण त्याच्याशिवाय पुढचं लागत नाही.

शांताक्का माझ्याकडं लडी पिळायला आणि वाळत घालायला होती. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी. पिळायला दोघं लागतात. दोन टोकांना उभं राहून विरुद्ध बाजूंना पीळ घालायचा. नऊ वर्षं आम्ही एका लडीच्या दोन टोकांना होतो. शेड मी बघायचो, नाव माझं व्हायचं. पण माल बिघडला तर आधी तिला कळायचं. पिळतापिळता म्हणायची, "म्हादू, आज पानी चढलंय," म्हणजे टाकीतला रंग कडक झालाय, आणि संध्याकाळी ते खरं निघायचं. मी म्हणायचो, मला आधीच ठावं होतं.

एक दिवस तिच्या बोटांवर पांढरे डाग दिसले. कोड. आमच्या गल्लीत एक रीत होती: लग्नाच्या सुताला डागाचा हात लावायचा नाही. ही कुणी लिहिलेली नव्हती, कुणी सांगितलेली नव्हती. पण पाळणाऱ्यांत सगळ्यात पुढं मी. मी तिला म्हटलं, "आक्का, हिरव्या लडीला हात लावू नगंस. बाकीचं कर."

ती पिळायची थांबली. म्हणाली, "माझ्या हाताचा रंग सुताला लागतोय व्हय रं म्हादू?"

मी म्हटलं, "रीत हाय."

तिनं हातातली लडी काठीवर नीट घातली, टोकं सारखी केली, पदराला हात पुसले आणि गेली. बाकीचंही करायला आली नाही. मी चारचौघांत सांगितलं, तिला काम झेपत नव्हतं. पुढं तिचा मुलगा मच्छ्याला, म्हणजे मच्छे गावात, कारखान्यात लागला, ती तिकडं राहायला गेली. इथं एवढंच.

तर माझा डाग. पहिल्यांदा मसुराच्या डाळीएवढा होता. बायको म्हणाली, "डाक्टरला दाखवा." मी म्हटलं, "हायड्रोसचा हाय." सुट्टीच्या दिवशी हाताचे रंग घालवायला मी हायड्रोसच्या पाण्यात हात बुडवत आलोय, ते सुताचा रंग काढतं तर कातडीचा का काढणार नाही? हिशेब सरळ होता. इलाजही सरळ. रंग गेला तर रंग द्यायचा.

इथं माझ्या हुशारीला तोड नाही. मी काथ उगाळला, त्यात लोखंड भिजवून केलेल्या काळ्या पाण्याचे दोन थेंब घातले आणि माझ्याच कातडीची शेड बनवायला बसलो. साऱ्या वडगावची, खासबागची, शहापूरची सुतं जुळवलेला माणूस. स्वतःचं मनगट काय लई लांब आहे? पहिल्यांदा विटकरी झालं. दुसऱ्यांदा करपलेल्या भाकरीसारखं. तिसऱ्यांदा घरात बरोबर आणि उन्हात जांभळट. घाम आला की सदऱ्याच्या बाहीवर उतरायचं. कुणी विचारलं तर म्हणायचो, कॉस्टिक उडालं. असं माझ्यावर अडीच वर्षं कॉस्टिक उडत होतं. बायको म्हणाली, "येवढं कॉस्टिक उडाया लागलं तर टाकीत काय घालतासा?"

डाग मात्र माझ्या रंगाला जुमानत नव्हता. मनगटावर ठिकठिकाणी उठला, मग कोपरावर, मग दुसऱ्या हातावर. आणि मी आपला रोज सकाळी दारात उभा राहून त्याच मनगटावर शेड बघत होतो.

खासबागचा परशाण्णा माझा जुना गिऱ्हाईक. घरी चार माग. त्याच्या मुलीचं, रेखाचं लग्न ठरलं. आमच्याकडं विणकराच्या घरात लेकीची लग्नाची साडी बापाच्या मागावर होते, विकतची आणत नाहीत. परशाण्णा यंत्रमाग सोडून जुन्या हातमागावर स्वतः बसणार होता. ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्याचं सूत एकदम रंगवून दिलं. बाण्याचं, म्हणजे आडव्या धाग्याचं, दोन खेपेत. दुसरी खेप मी पहिलीशी जुळवली, मनगटावर बघितली, पसंत केली, पाठवून दिली.

चार दिवसांनी त्यानं माझ्या बायकोच्या मोबाइलवर फोटो पाठवला. साडी मागावर, निम्म्याच्या वर विणलेली, आणि पदराकडून मोजलं तर शेवटच्या दीड हातात हिरवं फिकं. रेघ मारल्यागत.

मी म्हटलं, मोबाइलात शेड बघायची नसते. आणि खासबागला गेलो. तिथं मोबाइल नव्हता, साडी होती. पट्टा होता.

"आप्पा, हे काय?" परशाण्णा म्हणाला.

"तुझ्या ट्यूबलाइटचा हाय."

त्यानं ट्यूबलाइट बंद केली, खिडकी उघडली. पट्टा तिथंच.

"मग बाणा सैल मारलायस. ठोका कमी पडलाय."

"चाळीस वर्सं ठोका मारतोय, लेकीच्या साडीलाच कमी मारीन व्हय?"

मी आणखी दोन-तीन कारणं काढली. पाणी, हवा, गिरणीचं सूत. ती संपल्यावर म्हटलं, "उसव येवढा बाणा. उरलेल्या लड्या दे. गडद करून देतो. फिकं गडद करता येतंय."

त्यानं दीड हात विणलेलं सगळं उसवलं, एकेक आडवा धागा. ते सूत आणि उरलेल्या लड्या घेऊन मी गेलो आणि त्यातलं निम्मं पुन्हा टाकीत घातलं. या वेळी शकुन बदलावा म्हणून उजव्या हातावर बघितलं. उजव्याला त्या दिवशी काथाचा लेप ताजा होता. विटकरीवर हिरवं किती फिकं दिसतं ते तुम्ही करून बघा; मी आपला रंग चढवत गेलो. माल वाळला तो जवळजवळ काळा. आणि गडद परत फिकं करायला गेलं की सूत कुजक्या दोरीसारखं तुटतं.

म्हणजे आता उरली निम्मी लडी, साडी पुरी करायला जेमतेम पुरेल एवढी. ती बिघडली तर ताण्याला जुळणारं सूत कुठूनही येणार नव्हतं. मिसळ माझ्या हातची, आणि मी ती कधी कागदावर लिहून ठेवलेली नाही. नीट लिहायला येत नाही हे लोकांना कळू नये म्हणून मी सांगायचो, ही विद्या आहे, ती कागदावर उतरवायची नसते. रेखाचं लग्न पंधरा दिवसांवर, आणि साडी मागावर अर्धी.

काळी झालेली लडी बघायला परशाण्णा स्वतः रंगखान्यात आला. लडी बघितली नाही, माझा हात धरला. अंगठ्यानं मनगट चोळलं. काथ त्याच्या अंगठ्यावर आला, खाली पांढरं दिसलं.

"कधीपासनं?" त्यानं विचारलं.

"कॉस्टिक…"

"आप्पा."

मी हात सोडवून बाही खाली ओढली.

"कोड असलं तर असू दे," तो म्हणाला. "पर रीत तुमचीच हाय. शांताक्काला कुनी काढलं? घरात मोठी मानसं हायत, त्यास्नी काय सांगू मी? चार दिवस थांबतो. न्हायतर उरलेली लडी दुसरीकडं देतो."

तो गेल्यावर मला राग आला तो कोडाचा नव्हे. माझं मनगट मला फसवत होतं आणि मला कळलं नव्हतं, याचा. पांढऱ्यावर धरलेला रंग आहे त्यापेक्षा गडद दिसतो. हे मी पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो. मनगट ठिकठिकाणी पांढरं होत गेलं, नवं सूत पांढऱ्यावर आणि जुनं गव्हाळ कातडीवर पडत गेलं, तसं मला नवं हिरवं पुरेसं गडद दिसत गेलं, आणि माझा माल फिका होत गेला. इतर गिऱ्हाइकांनीही कधीतरी कुरकुर केली असेल. केली होती. मी त्यांच्या ट्यूबलाइटला दोष देऊन परत पाठवलं होतं.

बायकोनं दुसऱ्या दिवशी मला बेळगावला कातड्याच्या डॉक्टरकडं नेलं. नेलं म्हणजे ती पुढं चालली आणि मी मागं. डॉक्टरीणबाई धारवाडकडच्या, वयानं माझ्या नातीएवढ्या. "बर्री अज्जा, बसा," म्हणाल्या; म्हणजे या आजोबा. मी बसलो आणि त्यांना रोग सांगितला, कारण सांगितलं. म्हटलं, "हायड्रोसनं रंग उडालाय. इलाज तेवढा सांगा."

त्यांनी मला चपला काढायला लावल्या. "पायाच्या अंगठ्यावर पण डाग आहे. पाय बुडवत होता का टाकीत?"

मी चपला परत पायात सरकवल्या.

मग त्यांनी टाकीत काय काय घालतो त्याची सगळी यादी विचारली. काही रसायनांनी डाग पडतात म्हणे, पण हायड्रोस त्यातलं नव्हे. घरात कुणाला थायरॉइड आहे का विचारलं. थोरल्या बहिणीला आहे म्हटलं, तर मान डोलावली. मला ते आवडलं नाही. माझ्या मनगटाचा आणि बहिणीच्या गळ्याचा काय संबंध?

"अज्जा, कातडीत रंग करणाऱ्या पेशी असतात," त्या म्हणाल्या. "त्यांच्याकडं एक एन्झाइम असतं. टायरोसिनेज. ते असलं तर रंग होतो."

"म्हंजे रंगारी."

"पेशी रंगारी. एन्झाइम म्हणजे त्याच्या हातातलं… काय म्हणू?"

"हायड्रोस?"

"नाही, हायड्रोस रंग काढतं ना? हे उलटं. आत बिनरंगाचा माल असतो, हे त्याचं रूप बदलतं आणि मग तो काळा होतो."

मी खुर्चीत पुढं सरकलो. "थांबा. माल आत असतोय, दिसत न्हाय. आनि ह्यो त्याला वारा दावतोय?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "असंच समजा. वाऱ्याचंच काम करतं ते."

इतक्या वर्षांत माझा धंदा पहिल्यांदा कुणाला तरी कळला, आणि तोही माझ्या कातडीच्या आत चालू होता. मला उगाच अभिमान वाटला. बायकोकडं बघितलं. ती छताकडं बघत होती.

"ते एन्झाइम कसं करायचं त्याची एक चिठ्ठी असते," बाई म्हणाल्या. "तिला जीन म्हणतात. ह्या चिठ्ठीचं नाव टी-वाय-आर. एक आईकडून येते, एक वडिलांकडून."

"माझ्या चिठ्ठीत चूक हाय?"

"दोन्ही चिठ्ठ्या पार बिघडलेल्या असत्या तर जन्मापासूनच गोरेपान असता, केस पण पांढरे. तुमची चिठ्ठी सत्तर वर्षं बरोबर चालली. फक्त माणसामाणसाच्या चिठ्ठीत एखाद्या अक्षराचा फरक असतो. काहींच्यात त्या फरकानं शरीरातल्या राखणदारांचा गोंधळ जास्त होतो, काहींच्यात कमी. आणि एकटी हीच चिठ्ठी नाही, अशा बऱ्याच आहेत. सगळं मिळून होतं."

"राखनदार काय करतात?"

"रोग आला की मारायला ठेवलेले असतात. ते चुकून त्या एन्झाइमलाच शत्रू समजतात. आणि ते बाळगणाऱ्या रंगाऱ्याला मारतात."

"आपल्याच कामगाराला?"

"आपल्याच."

"त्यानं काय केलेलं नसताना?"

"काहीच नाही. तो आपलं काम करत होता."

काम करणाऱ्या माणसाला टाकीवरून विनाकारण हाकलणारा तो राखणदार मला ओळखीचा वाटायला लागला.

"हे हातानं दुसऱ्याला लागतंय?" मी विचारलं.

"नाही."

"सुताला?"

बाई हसल्या. "सुताला? अज्जा, सुताला कातडी असते का?"

मी त्यांना म्हटलं, माझी ती चिठ्ठी एकदा काढून दाखवा, कुठलं अक्षर ते मी बघतो. त्या म्हणाल्या, गरज नाही, बघून औषध बदलत नाही. मी हट्ट धरला. बायको म्हणाली, "ह्यास्नी वाचता न्हाय याचं बाई, तुम्ही मलम लिवा." मलम मिळालं, आठवड्यातून दोनदा कसल्या तरी दिव्यासमोर उभं राहायला सांगितलं. काही डाग भरतील, काही भरणार नाहीत म्हणाल्या. माझी कुठलीच खेप एकसारखी येत नव्हती, तेव्हा तक्रार करायला जागा नव्हती.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "आता मच्छ्याला जावा."

"मच्छ्याला काय हाय?"

"ठावं हाय तुम्हास्नी."

मी दुसऱ्या दिवशी गेलो. पिशवीत उरलेल्या लडीचे चार धागे आणि परशाण्णानं साडी सुरू करायच्या आधी विणून कापलेला नमुन्याचा तुकडा. माफी मागायला चाललोय असं मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. सूत दाखवायला चाललोय असं सांगितलं होतं.

शांताक्का दारात बसून पावटा सोलत होती. मी तिला ओळखलंच नाही. चेहरा, मान, हात, सगळं पांढरं. डाग असा उरलाच नव्हता, सगळी एकच. तिनं मात्र मला ओळखलं.

"म्हादू रंगारी," ती म्हणाली. "मेला न्हाईस अजून?"

"न्हाय आक्का."

"बस मग. पावटा सोल."

मी बसलो, पावटा सोलला. सोलतासोलता बाईंनी सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. आतला रंगारी, वारा, चिठ्ठी, राखणदार. बाईंपेक्षा मी चांगलं सांगितलं असेल, मंत्र म्हणायची सवय आहे मला. तिनं ऐकून घेतलं.

"म्हंजे," ती म्हणाली, "माझ्या आंगातला रंगारी बिनकारनी मार खात हुता. आनि त्यासाठी तू मला घालवलंस."

"व्हय."

"आनि आता तुझा बी खातोय."

मी बाही वर केली. तिनं बघितलं.

"बरं झालं," ती म्हणाली.

मी पावटा सोलत राहिलो. एक शेंग झाली, दोन झाल्या. मग ती हसायला लागली. दात नसलेलं हसू. मला तोंड वर करायचा धीर होईना, पण मीही हसलो. मग म्हटलं, "आक्का, तवा मी चुकलो." एवढं वाक्य म्हणायला मला मच्छ्यापर्यंत बस लागली आणि मधली सगळी वर्षं लागली.

"पावट्यात किडकं टाकू नगंस," ती म्हणाली.

थोड्या वेळानं मी पिशवीतले धागे काढले. काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "फिकं हाय."

"किती?"

"कशावर बघतोस आता?"

"कशावरच न्हाय," मी म्हटलं.

तिनं पावट्याची सुपली बाजूला सारली, हात झाडला आणि पुढं केला. पालथा नव्हे, आतल्या बाजूनं, मनगट वर. "हितं धर. चांगली सपाट जमीन हाय. एक ठिपका न्हाय."

मी धागे तिच्या मनगटावर ठेवले, शेजारी साडीचा नमुना. दारात उजेड होता. दोन हिरव्यांतला फरक मला इतका स्वच्छ दिसला की मीच दचकलो. इतकी वर्षं माझ्या गव्हाळ कातडीवर कष्टानं बघत आलो ते या पांढऱ्यावर नुसतं उघडं पडलेलं. अट एकच: दोन्ही सूत एकाच जमिनीवर हवं आणि जमीन सगळी सारखी हवी. माझी जमीन पट्ट्यापट्ट्याची, म्हणून माझी शेडही पट्ट्यापट्ट्याची.

दोन दिवस ती माझ्या रंगखान्यात आली. मुलानं रिक्षानं आणून सोडली. मी टाकी लावली, ती स्टुलावर बसली. लडी पिळायला दुसरं टोक तिनंच धरलं; पीळ तसाच, हात तसाच. थोडं थोडं रंगवायचं, चार धागे वाळवायचे, तिच्या मनगटावर धरायचे.

"अजून."

पुन्हा टाकी.

"अजून जरासं."

पुन्हा.

"पानी चढलंय रं, सांभाळ."

या वेळी मी म्हटलं नाही की मला आधीच ठावं होतं. तिसऱ्या खेपेला तिनं साडीचा नमुना आणि धागे मनगटावरच ठेवून मला विचारलं, "आता सांग, नवं कुठलं?" मी वाकून बघितलं, चश्मा लावून बघितलं, चश्मा काढून बघितलं. मला सांगता आलं नाही. आयुष्यात न सांगता आल्याचा एवढा आनंद कधी झाला नव्हता.

लडी घेऊन खासबागला गेलो. रस्ताभर एकच विचार: नुसती लडी दिली तर परशाण्णा घेईल. माझं नावही राहील, साडीही होईल, रीतही मोडली नाही असं सगळ्यांना वाटेल. शांताक्का मच्छ्याला निघून गेली असती, कुणाला कळलं नसतं. असं मी एकदा केलंच होतं.

मागाशेजारी घरातली माणसं होती, परशाण्णाची म्हातारी आईही. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "परशा, ह्या लडीला माझा हात लागलाय, त्यावर कोड हाय. शांताक्काचा लागलाय, तिला बी हाय. शेड तिच्या मनगटावर बघितलीया. चालत असलं तर बाणा भर. न्हायतर परत दे, मी पानवठ्यावर नेऊन टाकतो."

परशाण्णानं लडी घेतली, खिडकीत नेली, साडीवर ठेवली. ती साडीत दिसेनाशी झाली.

"मला पट्ट्याचं भ्याव हुतं आप्पा," तो म्हणाला, "हाताचं न्हाय." आणि आईकडं वळून म्हणाला, "कांडी भरायला घे गं आवा."

बाण्याचं सूत कांडीवर गुंडाळायला म्हातारीनं लडी मांडीवर घेतली. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "शांती बरी हाय न्हवं?"

लग्नात रेखा ती साडी नेसून उभी होती. मी पट्टा शोधत होतो. अक्षता टाकायच्या वेळी टाकल्या की नाही आठवत नाही, डोळे साडीवर. बायकोनं दोनदा कोपर मारलं. शांताक्का माझ्याशेजारी खुर्चीवर होती. लग्नाचं बोलावणं द्यायला परशाण्णा स्वतः मच्छ्याला गेलता.

ती माझ्या कानाशी वाकली. म्हणाली, "माझ्या हाताचा रंग सुताला लागला व्हय रं म्हादू?"

"लागला आक्का," मी म्हटलं. "बरोब्बर लागला."

"मग उठ. पंगत बसली."